जुनी आयशर कंपनीला लावायची? आधी दोन महिन्यांच्या डिझेलचा हिशोब मांडा

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. चर्चा झाली ती मोटारी आणि दुचाकींची. आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात मात्र या कपातीचा खरा परिणाम जुन्या ट्रकच्या बाजारात बघायला पाहिजे. कारण गावातला पोरगा नवीन ट्रक क्वचितच घेतो. तो घेतो सहा-सात वर्षं चाललेली आयशर किंवा टाटा ९०९, ११०९, आणि ती शिरवळच्या, कुपवाडच्या नाहीतर कागलच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याकडं लावतो. घरातलं सोनं गहाण पडतं, पतसंस्थेत चुलत भाऊ जामीन राहतो आणि गाडी दारात येते.

या धंद्यात लोक सगळी घासाघीस गाडीच्या किमतीवर करतात. इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर दाबून बघतात, वीस हजार कमी करून घेतले की जिंकल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं, की पोटठेक्यावर गाडी चालवणारा माणूस इंजिनापायी बुडतो त्यापेक्षा जास्त वेळा उधारीपायी आणि कागदापायी बुडतो. त्यामुळं हिशोब दुसऱ्या टोकाकडून सुरू करावा लागतो.

साखळीत शेवटचा कोण

शिरवळ, खंडाळा, लोणंद, फलटण, सातारा, कराड, ईश्वरपूर, किर्लोस्करवाडी, कुपवाड. पुण्या-बंगळूर महामार्गाच्या आजूबाजूला कारखाने वाढले, तशी मालाची ने-आण वाढली. कंपनी स्वतःच्या गाड्या फारशा ठेवत नाही. वाहतुकीचा ठेका एका मोठ्या ट्रान्सपोर्टला जातो. तो आपल्या गाड्या पुरवतो आणि कमी पडल्या की दुसऱ्याकडून घेतो. दुसरा तिसऱ्याकडून घेतो. प्रत्येक पायरीवर कमिशन सुटतं आणि शेवटी भाडं पोचतं ते ज्याच्या नावावर आरसी बुक आणि कर्जाचा बोजा आहे त्या गाडीमालकाकडं. कंपनीनं ट्रान्सपोर्टला किती दिले हे त्याला कळत नाही, आणि कंपनीच्या गेटवर गाडी दोन दिवस उभी राहिली तर त्याचे पैसे कोण देणार हेही ठरलेलं नसतं.

ऊस वाहतुकीत आपण हे सगळं पाहिलेलं आहे. तिथं मुकादम उचल घेऊन पळाला की ट्रॅक्टरवाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. कंपनीच्या मालाला उचलीची भानगड नाही, उलटं आहे. इथं गाडीमालकच दोन महिने स्वतःचे पैसे घालून ट्रान्सपोर्टवाल्याला एक प्रकारे उधार देतो.

बारा टनाची रेषा

आता गाडी कुठली घ्यायची. मोटार वाहन कायद्यात मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या वर आणि १२,००० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी म्हणजे मध्यम गाडी. पेपरात अपघाताच्या बातमीत आपण जिला सरसकट ‘आयशर टेम्पो’ लिहितो ती बहुतेक याच गटातली. अकरा टन पासिंगच्या गाडीत प्रत्यक्ष माल सहा-सात टन बसतो.

पुष्कळ जण म्हणतात, थोडे पैसे जास्त घालून सोळा टनी सहाचाकीच घ्यावी, माल जास्त बसतो. बसतो खरा. पण बारा टनाची रेषा ओलांडली की खर्चाचं गणित बदलतं, हे कुणी सांगत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलचे नियम २००८ चे. त्यात साडेसात ते बारा टनांची गाडी ‘हलकी व्यावसायिक’ या गटात मोडते आणि बारा टनांच्या वरची ‘ट्रक’ या गटात. मूळ दर पहिल्या गटाला किलोमीटरला १ रुपया ५ पैसे आणि दुसऱ्याला २ रुपये २० पैसे असा होता. दरवर्षी दर वाढतात, पण दोन गटांतलं प्रमाण तेच राहतं. म्हणजे तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर या तिन्ही नाक्यांवर सोळा टनी गाडी अकरा टनीच्या दुपटीहून जास्त भरते. महिन्याला बारा फेऱ्या करणाऱ्याला हा फरक किती होतो ते फास्टॅगच्या मेसेजवर दिसतं.

विम्याचं तसंच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात थर्ड पार्टीचा हप्ता साडेसात ते बारा टनांना २७,१८६ रुपये आणि बारा ते वीस टनांना ३५,३१३ रुपये आहे. गेल्या सप्टेंबरात मालवाहू गाड्यांच्या थर्ड पार्टी विम्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यामुळं अकरा टनी गाडीमागं वर्षाला सुमारे १,९०० रुपये वाचतात. ही बातमी फारशी कुठं आली नाही म्हणून मुद्दाम लिहितो. आयकरातही तीच रेषा आहे. दहापर्यंत गाड्या असणाऱ्यानं हिशोबाच्या वह्या न ठेवता अंदाजित उत्पन्न दाखवायची सोय आहे. त्यात बारा टनांपर्यंतच्या गाडीला महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात आणि त्यावरच्या गाडीला टनामागं १,००० रुपये.

ज्याला कास्टिंग, सळी, सिमेंट असा जड माल मिळणार आहे त्यानं मोठी गाडी बघावी. पुठ्ठा, पॅकिंग, पशुखाद्य, द्राक्षाचे बॉक्स, कंपन्यांचे सुटे भाग वाहायचे असतील तर वजनाआधी जागा भरते. तिथं १९-२० फुटी हौद्याची अकरा टनी गाडी परवडते.

ड्रायव्हरचा मुद्दा याच्याशीच जोडलेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते असा निकाल दिला. तो निकाल पिकअप आणि ४०७ वाल्यांच्या कामाचा. अकरा टनी आयशरला तो लागू नाही. घरातल्या पोराकडं जीपचं लायसन्स आहे म्हणून त्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा लायसन्सच बघणार.

गाडीचं वय मोजताना कर्जाची वर्षंही मोजा

जुन्या गाडीच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा नियम नॅशनल परमिटचा आहे. दोन ॲक्सलच्या मालवाहू गाडीला बारा वर्षांपर्यंतच नॅशनल परमिट मिळतं. मल्टीॲक्सलला पंधरा वर्षं. आपला भाग सीमेवरचा. मिरजेहून, जतहून, कागलहून तासा-दोन तासात कर्नाटक लागतं. बेळगाव, निपाणी, विजापूरची भाडी हा इथल्या गाडीमालकाचा हक्काचा धंदा. बारा वर्षं झाली की नॅशनल परमिट संपतं आणि गाडी महाराष्ट्राच्या आतल्या परमिटवर अडकते.

आता असं बघा. २०१६ ची गाडी २०२६ मध्ये घेतली आणि तीन वर्षांचं कर्ज काढलं, तर २०२८ ला नॅशनल परमिट संपेल आणि हप्ते २०२९ पर्यंत भरत बसावे लागतील. शेवटचं वर्ष अर्ध्या धंद्यावर काढायचं. त्यामुळं गाडीचं आजचं वय आणि कर्जाची वर्षं यांची बेरीज बाराच्या आत बसते का हे आधी बघावं. सहा-सात वर्षांची गाडी महाग वाटली तरी तीच या हिशोबात बसते.

दुसरं पासिंग. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण करही मागं लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं पासिंगची फी वाढवली. वाढीव फीची पायरी पूर्वी पंधरा वर्षांनंतर होती, ती दहा वर्षांवर आली. वीस वर्षांवरच्या मध्यम गाडीला २०,००० आणि अवजड गाडीला २५,००० रुपये नुसती फी. फार जुन्या गाड्या रस्त्यावरून काढायच्या असं धोरणच आहे, त्यामुळं चार लाखांत मिळते म्हणून पंधरा वर्षांची गाडी घेणाऱ्यानं हे डोक्यात ठेवावं.

तिसरा मुद्दा बीएसचा. बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली आणि बीएस-४ ची १ एप्रिल २०२० पासून. बीएस-३ चं काम विट्याचा, तासगावचा कुठलाही मिस्त्री करतो. बीएस-६ ला सेन्सर आले, धुराड्यात जाळी आली आणि बहुतेक गाड्यांत डिझेलबरोबर युरियाची टाकी आली. सेन्सर गेला की गाडी ताकद धरत नाही, आणि लॅपटॉप लावल्याशिवाय दोष कळत नाही. म्हणून जुन्या वळणाचे मालक अजून बीएस-४ शोधतात. राज्यातल्या राज्यात ते ठीक आहे. पण द्राक्षाच्या हंगामात दिल्लीचं भाडं धरायचा विचार असेल तर तिथं बाहेरच्या बीएस-३ मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून बंदी आहे आणि बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच सवलत आहे. आज दिल्लीचा नियम, उद्या पुण्या-मुंबईचा होणारच नाही असं कोण सांगणार.

किंमत किती खाली यायला पाहिजे

समजा एखादी गाडी जुन्या करासकट नवीन २० लाखांना होती. २८ टक्के कर वजा करून १८ टक्के लावला की ती १८ लाख ४४ हजारांच्या आसपास येते. दीड लाखाच्या वर फरक. टक्केवारीत साधारण पावणेआठ. मग त्याच मॉडेलची सहा वर्षांची गाडी गेल्या उन्हाळ्यात साडेआठ लाखांना सांगत होते, तर आज तिच्यात साठ-सत्तर हजार कमी झालेच पाहिजेत. विकणारा आपणहून हे सांगणार नाही. नवीन गाडीचं आजचं कोटेशन शोरूममधून घेऊन खिशात ठेवावं आणि बोलणी तिथून सुरू करावी.

जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेताना अजून एक गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर ठरला, पण तो डीलरच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्या साध्या मालकाकडून घेतली तर तोही नाही. साडेआठ लाखांवर अठरा टक्के वेगळे लागतील असं कुणी म्हणालं तर दुसरं दुकान बघावं.

महिन्याचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. खालचे आकडे माझ्या अंदाजानं धरलेले आहेत, प्रत्येकानं आपापले घालून बघावेत.

गाडी साडेआठ लाखांची. अडीच लाख रोख, सहा लाख कर्ज, तीन वर्षं. कुपवाड ते चाकण असं काम, एका बाजूनं २६० किलोमीटर. महिन्याला बारा फेऱ्या म्हणजे ६,२४० किलोमीटर. लिटरला सात किलोमीटर आणि डिझेल नव्वद रुपये धरलं तर डिझेल ८०,२०० रुपये. टोल आणि वाटेतला किरकोळ खर्च फेरीला दीड हजार, म्हणजे १८,०००. ड्रायव्हरचा पगार २०,००० आणि भत्ता फेरीला सहाशेप्रमाणं ७,२००. टायर, ऑइल, ग्रीसिंग, दुरुस्ती मिळून किलोमीटरला चार रुपये, २५,००० रुपये. जुन्या गाडीला यापेक्षा कमी धरूच नये. विमा, कर, पासिंग, परमिट वर्षाचं ७२,००० धरलं तर महिन्याला ६,०००. हप्ता २२,७००. एकूण झाले १,७९,१०० रुपये.

जाताना फेरीला साडेअकरा हजार आणि येताना साडेपाच हजार भाडं मिळालं तर महिन्याला २,०४,०००. हातात राहतात २५ हजार. वाईट नाही. पण हे बाराच्या बारा फेऱ्यांना परतीचं भाडं मिळालं तर. बारातल्या सातच वेळा मिळालं तर जमा १,७६,५०० होते आणि खिशातून अडीच हजार जातात. रिकाम्या गाडीला डिझेल जरा कमी लागतं म्हणून फार तर बरोबरी होईल. म्हणजे सगळा नफा परतीच्या भाड्यात आहे. जाण्याचं भाडं फक्त गाडी जिवंत ठेवतं. ट्रान्सपोर्टवाला जाण्याचा दर ठरवून देतो, परतीचं ‘बघू’ म्हणतो. तिथंच थांबून विचारायला पाहिजे, की परतीचं बघणार कोण आणि चाकणला गाडी किती दिवस उभी राहणार.

मालक स्वतः चालवणार असेल तर ड्रायव्हरचे वीस हजार घरात राहतात, हे खरं. पण मग शेताकडं कोण बघणार हा प्रश्न येतो. तो ज्याच्या त्याच्या घरचा.

आता पैसे कधी मिळतात ते बघू. बहुतेक ठिकाणी बिल महिन्याचं होतं, आणि बिलानंतर पंचेचाळीस दिवस. म्हणजे एक तारखेला केलेल्या फेरीचे पैसे अडीच महिन्यांनी. तोवर डिझेल, टोल, भत्ता रोजच्या रोज द्यायचा, ते महिन्याला १,०५,४०० होतात. दोन महिन्यांचे २ लाख ११ हजार. त्यात दोन पगार आणि दोन हप्ते घातले की तीन लाखांच्या जवळ गेलो. म्हणून मी म्हणतो, ही गाडी साडेआठ लाखांची नाही, साडेअकरा लाखांची आहे. वरचे तीन लाख विकणारा मागत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

ज्याच्याकडं ते नसतात तो काय करतो? पंपावर उधारी करतो, नाहीतर शेकड्याला तीननं सावकाराकडून उचलतो. दोन लाखांना महिन्याला सहा हजार व्याज. वरच्या चांगल्या महिन्यातल्या पंचवीस हजारातला चौथा हिस्सा तिथंच गेला. काही ट्रान्सपोर्टवाले स्वतःच्या ओळखीच्या पंपावरून डिझेल देतात आणि बिलातून कापतात. सोय आहे, पण कापलेला भाव आणि लिटर दर आठवड्याला ताडून बघावे.

त्यात पाऊसकाळ आहे. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामात वळणरस्ते, खंबाटकीत रविवारची रांग. बारा फेऱ्यांच्या दहा व्हायला वेळ लागत नाही. हप्ता मात्र बाराही महिने सारखाच. शक्य असेल तर अडीच लाख रोखीतले सगळे गाडीत घालू नयेत. पाऊण लाख कमीची गाडी घ्यावी आणि ते पैसे डिझेलला ठेवावेत.

कर्जाचा दर नीट वाचा

जुन्या गाडीला सरकारी बँक सहसा नाक मुरडते. मग खाजगी फायनान्स. ‘बारा टक्के फ्लॅट’ असं सांगतात. सहा लाखांवर तीन वर्षांचे २ लाख १६ हजार व्याज धरून ३६ भाग करतात, म्हणजे हप्ता २२,६६७. ऐकायला बारा टक्के, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण सहा लाखांवर घेतलेलं असतं. बँकेच्या पद्धतीनं मोजलं तर हा दर २१ टक्क्यांच्या आसपास पडतो. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला एका पानावर खरा वार्षिक दर आणि सगळे आकार लिहून देणं बंधनकारक केलं आहे. त्याला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात. सही करायच्या आधी ते पान मागावं. प्रोसेसिंग, विमा, ‘डॉक्युमेंट चार्ज’ सगळं त्यात दिसतं.

आण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याचा आधार बरेच जण धरतात. पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाला ती योजना आहे. पण आधी हप्ता वेळेवर भरायचा आणि मग व्याज परत मिळतं, आणि जुन्या गाडीला बँक ते कर्ज देते का हे इसार देण्याच्या आधी विचारून घ्यावं.

कागद

गाडी बघायच्या आधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बोजा, पासिंग, कर, विमा, परमिट यांच्या तारखा बघाव्यात. थकलेली ई-चलनं वेगळी बघावीत. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी याच ई-चलनांच्या विरोधात संप पुकारला होता, त्यावरून एकेका गाडीवर किती साचत असेल याचा अंदाज यावा. आधीच्या मालकाची चलनं आधीच्या मालकानंच भरायला पाहिजेत, आणि ती व्यवहाराच्या दिवशी, नंतर नाही.

फायनान्सनं ओढून आणलेली गाडी स्वस्त मिळते. घ्यायला हरकत नाही, पण थकलेला कर कुणी भरायचा ते लेखी पाहिजे. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नये. टीटीसाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची किंवा कर्नाटकातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. कर्नाटक पासिंगची गाडी इथं कायम चालवायची तर बारा महिन्यांच्या आत नवीन नंबर आणि इथला कर. परमिटही आपोआप नावावर होत नाही, त्याचा वेगळा अर्ज असतो.

नोटरी करून गाडी ताब्यात घ्यायची आणि टीटी सहा महिन्यांनी, ही आपल्याकडची जुनी खोड. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे विकणारा अडकतो. आणि घेणारा वेगळ्या तऱ्हेनं अडकतो. विमा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर थर्ड पार्टीचा भाग चालतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. विम्यावर नाव बदलायचा अर्ज चौदा दिवसांत द्यावा.

गाडी तपासायची ती ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन. मी दोनच गोष्टी सांगतो. ऊस वाहिलेली गाडी असेल तर पाटे, चेसीसचे जोड आणि मागचा ॲक्सल खाली झोपून बघावा. चेसीसला वेल्डिंग केलेलं असेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडावी. आणि गाडी रिकामी चालवून बघण्यात अर्थ नाही, वजन भरून चढाला घ्यावी.

ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलणी

आपली गाडी ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्यानं दिली आणि बिल्टी तिची असली, तर त्या भाड्यावर गाडीमालकाला जीएसटी लागत नाही. पॅन आणि दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत असं लेखी दिलं की टीडीएसही कापायचा नसतो. काही ठिकाणी तरीही कापतात. तो फॉर्म पहिल्याच दिवशी देऊन पोच घ्यावी.

दर लेखी पाहिजे, आणि डिझेल दोन-तीन रुपयांनी वाढलं तर दर किती वाढणार हेही. गेटवर थांबायचे पैसे किती तासांनंतर सुरू होतात? मालात तूट आली तर कापणार किती, आणि कुणाच्या मोजणीवर? पोच पावती किती दिवसांत द्यायची? बिलाचे दिवस पोच मिळाल्यापासून मोजतात की महिनाअखेरीपासून? हे पाच प्रश्न विचारले की समोरच्याचा चेहरा बघून बरंच कळतं.

ओव्हरलोडचं तर पहिल्यांदाच सांगून टाकावं. केंद्रीय कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० दंड आहे. दोन टन जास्त भरले आणि सापडला तर २४ हजार, म्हणजे महिन्याची कमाई गेली. ‘आम्ही बघून घेतो’ असं भरताना म्हणणारा माणूस वजनकाट्यावर हजर नसतो.

उद्यम नोंदणी फुकट होते, ती गाडी चालू व्हायच्या आधी करावी. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, आणि लेखी करार नसेल तर पंधराच दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज, आणि तक्रारही करता येते. पंचेचाळीस दिवसांत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, ती प्रत्यक्ष दिल्यावरच धरली जाते. त्यामुळं मार्चमध्ये मागितलेली बाकी लवकर निघते असं म्हणायला जागा आहे. तक्रार मात्र फार कमी लोक करतात. एका गाडीचा मालक तक्रार करतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला लोड मिळत नाही, ही भीती खोटी नाही. एकाच ट्रान्सपोर्टला लावलेल्या वीस-पंचवीस गाडीमालकांनी मिळून बोलणी केली तर गोष्ट वेगळी. दूध संघ आणि पाणीपुरवठा संस्था उभ्या करणाऱ्या या भागात गाडीमालक मात्र एकेकटे फिरतात, याचं मला नवल वाटतं.

इसार देण्याच्या आधी एक दिवस मोडून ज्या ट्रान्सपोर्टला गाडी लावायची आहे त्याच्या यार्डात जावं. तिथं उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांना किंवा ड्रायव्हरना चहाला बोलवावं आणि गेल्या तीन महिन्यांची बिलं कुठल्या तारखेची आणि पैसे खात्यावर कधी आले एवढंच विचारावं. मोबाईलवर बँकेचे मेसेज असतात, दाखवायला दोन मिनिटं लागतात. पाच जणांपैकी तिघांनी दाखवायचं टाळलं, तर गाडी कितीही चांगली असली तरी इसार पुढच्या महिन्यावर टाकावा आणि दुसऱ्या ट्रान्सपोर्टचं यार्ड बघावं.